टाकीच्या दिव्याला घाम : पंचवटीतल्या एका तीन फुटी टाकीच्या नोंदी

आधी माशांच्या टाकीचं माप सांगते, म्हणजे कुणाला आपल्या टाकीशी ताडून बघता येईल. ३६ × १२ × १८ इंच, काच ६ मिलिमीटर, भरलेलं पाणी साधारण ११० लिटर. वर सनमाइका लावलेलं प्लायवुडचं बंद हूड आणि त्याच्या छताला ठोकलेला, थेट २३० व्होल्टवर चालणारा एलईडी दिवा. १५० वॅटचा हीटर २६ अंशांवर, एअर पंपावर दोन स्पंज फिल्टर. चार एंजल, दहा विडो टेट्रा आणि काचेला चिकटून बसणारा एक म्हातारा सकर.

टाकी सासऱ्यांची, आप्पांची. घर पंचवटीत, जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाला. थंडीत गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, येणारा गारवा थेट त्याच खोलीत शिरतो. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. त्यामुळे घरातला मिक्सर, इस्त्री, बिघडलेलं काहीही माझ्यासमोर येऊन पडतं. या वहीतल्या निम्म्या चुका ‘मला यातलं कळतं’ या समजुतीतून झाल्यात, हेही आधीच सांगते.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आप्पांनी पाण्यातलं कुजकं पान काढायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. “झिणझिण्या आल्या,” म्हणाले. तेही वयामुळे येत असतील अशा सुरात. मी हूडच्या बिजागरीला टेस्टर लावला. पेटला.

प्लग काढला आणि मग हूड उघडलं. छताला आतून थेंबच थेंब. दिव्याच्या पारदर्शक कव्हरच्या आत पाणी साठलेलं. दिवा कलता केला की गवंड्याच्या लेव्हलपट्टीतल्या बुडबुड्यासारखं इकडून तिकडे जायचं. तरी प्लग काढेपर्यंत निम्मे एलईडी चालू होते. आप्पा महिनाभर म्हणत होते, “उजेड कमी झालाय गं,” आणि मी म्हणत होते, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

आज दुरुस्ती काही नाही. दिवा कायमचा बाद.

२४ नोव्हेंबर, रविवार

वायरमन आला. टाकीच्या बोर्डला अर्थिंगच नव्हतं. तिसरं भोक नुसतं शोभेचं. मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून घेतली आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, बसवला. मजुरीसह २,३५० रुपये. या सगळ्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि याने दिव्यावरचं पाणी एक थेंबही कमी झालं नाही. पण कुणी हे काम करणार असेल तर सुरुवात इथूनच करावी. पुढचं सगळं चुकलं तरी चालतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

जुना दिवा ओट्यावर घेऊन फोडला. कव्हरवर बाहेरून पांढरा थर. बुडबुडे फुटून उडालेलं पाणी वाळलं की त्यातला क्षार मागे राहतो. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी पडतं, ते चांगलंच जड आहे. व्हिनेगर चोळल्यावर तो थर दहा मिनिटांत निघाला. आतल्या तांब्याच्या रेघा मात्र हिरव्या पडलेल्या.

पाणी आत शिरलं कसं, हे बघायला सगळे सांधे तपासले. मोठी फट कुठेही नाही. वायर जिथून आत जाते तिथला रबराचा बूच थोडा ढिला, एवढंच. दिवा सात तास तापतो, बंद झाला की आतली हवा आकसते आणि त्या ढिल्या बुचातून बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते. रोज एक घोट. दोन वर्षांत वाटीभर होतं.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो असा : सांधे नीट बंद केले की झालं. हा निष्कर्ष मला पुढे महिनाभर पुरला.

१ डिसेंबर, रविवार

सामान आणलं. १२ व्होल्टची पाच मीटर ‘वॉटरप्रूफ’ एलईडी पट्टी ५५०, ॲडाप्टर ३५०, ॲल्युमिनियमचं चॅनल १८०, हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी १८०. २३० व्होल्ट पाण्याच्या वर नको, हे ठरवलं होतं. ते मात्र बरोबर ठरलं.

पट्टीचे चार तुकडे केले, चॅनलवर चिकटवले, जोडांना डाग दिले आणि प्रत्येक टोकावर, प्रत्येक जोडावर सिलिकॉन भरभरून थापलं. नळी उघडताच व्हिनेगरचा वास. मला उलट हायसं वाटलं. टाकीच्या काचा चिकटवतात ते सिलिकॉन याच वासाचं असतं, म्हणजे माशांना चालणारं. चॅनल जुन्या जागी, हूडच्या छताला. ॲडाप्टर खाली स्टँडमध्ये, वायर सरळ खाली सोडली.

उजेड झकास. आप्पांनी शेजारच्यांना बोलावून दाखवला.

८ डिसेंबर, रविवार

हूडच्या आत थेंब पहिल्यासारखेच. शाळेत डेसिकेटरला, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्याला, ओल शोषणारी निळी सिलिका जेल वापरतो, ती डोक्यात आली. ओल धरली की ती गुलाबी होते. तसलीच बाजारातून आणून मलमलच्या चार पुरचुंड्या केल्या आणि हूडच्या कोपऱ्यांत टांगल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही गुलाबी. ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा निळ्या केल्या, पुन्हा टांगल्या, पुन्हा गुलाबी. तिसऱ्या खेपेला आप्पा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, “रोज काय भाजतेस गं? वास तर कशालाच नाही.”

डेसिकेटरचं झाकण बंद असतं. इथे खाली ११० लिटर कोमट पाणी उघडं आहे. हे मला तीन खेपांनंतर कळलं, यात शाळेची काही चूक नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

उजवीकडचे तीन एलईडी गेले. या पट्टीत तीन-तीनचा गट असतो. एक जोड तुटला की तिन्ही जातात.

१२ डिसेंबर, गुरुवार

आणखी दोन गट गेले. चॅनल उतरवलं आणि एका टोकाचं सिलिकॉन ब्लेडने सोललं. आतून पुन्हा तोच वास. अकरा दिवसांनीसुद्धा. आणि खाली तांबं हिरवंगार, जुन्या दिव्यापेक्षा जास्त.

हा वास अॅसिटिक ॲसिडचा. सिलिकॉन वाळताना ते सोडतं. काचेवर काही बिघडत नाही, हवेत उडून जातं. पण जाड थापलं की आतलं ॲसिड अडकतं आणि डागावर, तांब्यावर बसतं. त्यात मी पट्टी लावताना तिच्या आत असलेली ओल पण बंद करून ठेवलेली. प्रयोगशाळेत या ॲसिडच्या बाटलीचा वास रोज घेणाऱ्या बाईने हे करावं! वायरिंगसाठी ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं वेगळं सिलिकॉन मिळतं, त्याला हा वास नसतो. थोडं महाग पडतं. हे दुकानदाराने सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

पाकिटावरचं ‘आयपी ६५’ही तेव्हा नीट वाचलं. शेवटचा ५ म्हणजे पाण्याची धार अंगावर आली तरी चालेल. धार वेगळी आणि दिवसरात्र आत मुरणारी वाफ वेगळी. शिवाय मी पट्टी कापल्यावर तो आकडा तसाही माझ्या पट्टीला लागू राहिला नव्हता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आणलं, ३५० रुपये. हे पहिल्या दिवशी आणायला हवं होतं. त्याचा सेन्सर हूडच्या आत.

रात्री नऊला, दिवा चालू असताना : २५ अंश, ८१ टक्के.
पहाटे साडेपाचला : २३ अंश, ९९ टक्के. यापुढे यंत्राला आकडाच नाही. खोलीत तेव्हा १५ अंश.

म्हणजे पावसाळ्याला उगाच बोल लावत होतो. पावसाळ्यात हवा दमट असते, पण खोली आणि पाणी जवळजवळ सारखंच गरम असतं. आत्ता पाणी २६ आणि हूडचं छत गार. चहाच्या भांड्यावर ताट ठेवावं तसं.

तरीही ९९ खटकलं. हूडला मागे वायरींसाठी चांगली तीन बोटं रुंद फट आहे. तिथून काहीच बाहेर जाऊ नये?

१५ डिसेंबर, रविवार, पहाटे

तीन वाजता पाणी प्यायला उठले. खोलीत टाकी दिसेना. जागेवर गोधडी. हूडसकट, मागच्या फटीसकट, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

सकाळी विचारलं. आप्पा म्हणाले, “दिवाळीपासून रोज घालतो. निफाडचा पारा उतरला म्हणून पेपरात येतंय. थंडी काय फक्त माणसाला वाजते?”

“अहो आप्पा, पण सकाळी मला कधी दिसली नाही.”

“तू उठायच्या आत काढून घडी घालतो. तुला पसारा चालत नाही ना.”

यावर काय बोलणार. गोधडी हाताला लागली ती आतून ओलीच होती.

१६ डिसेंबर, सोमवार

गोधडीशिवायची पहिली रात्र. पहाटे ९१ टक्के. छताला थेंब आहेत, पण टपकत नाहीत. हीटरचा लाल दिवा मात्र बराच वेळ पेटलेला. आप्पा नाराज. म्हणजे गोधडी हे एकटं कारण नव्हतं, पण मी सीलबंद करायच्या नादात होते आणि आप्पाही त्यांच्या परीने तेच करत होते.

१९ डिसेंबर, गुरुवार

ॲडाप्टर मेला. छताचा थेंब वायरीवर आला, वायर सरळ खाली, तिच्यावरून ओघळत थेट ॲडाप्टरमध्ये. आरसीसीबी पडला, म्हणून कुणाला काही झालं नाही. नवा ॲडाप्टर ३५०. तो भिंतीवर टाकीपेक्षा उंच लावला आणि वायरीला मध्ये खाली लोंबता झोल दिला. थेंब आला तर झोलाच्या तळाशी गळून पडेल. पाच मिनिटांचं काम. आधी का केलं नाही याला उत्तर नाही.

२२ डिसेंबर, रविवार

जुन्या कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा निघाला होता. हूडच्या डाव्या बाजूला भोक पाडून बसवला. हवा आत, पाण्यावरून सरकत मागच्या फटीतून बाहेर. संध्याकाळी ६४ टक्के. छत कोरडं ठणठणीत. मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते.

२६ डिसेंबर, गुरुवार

पाणी दिवसाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर उतरतंय. या टाकीत म्हणजे सव्वा लिटरच्या वर. आणि वाफ होताना पाणी गार पडतं : थर्मामीटर पहाटे २३.५. हीटर रात्रभर चालू राहूनही पुरा पडत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

एका एंजलच्या परांवर आणि तीन विडोंवर मिठाचे कण टाकल्यासारखे पांढरे ठिपके. पाणी असं गार-गरम झालं की हा रोग डोकं वर काढतोच. पंखा बंद. हीटर हळूहळू ३० वर, खडेमीठ, दुकानातलं औषध १५० रुपयांचं. दोन विडो गेले. आप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

ठिपके गेले. तापमान रोज अर्धा अंश खाली आणत २६ वर आणणार.

आठवडाभर टाकीकडे बघत बसण्याशिवाय काम नव्हतं, तेव्हा एक लक्षात आलं. वाफ निघू द्यायची नाही हे जमणार नाही. निघालेली वाफ दिव्यापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढं जमू शकतं. दिवा आणि पाणी यांच्या मध्ये काच हवी. थेंब धरायचेच असतील तर तिने धरावेत.

५ जानेवारी, रविवार

पेठ रोडच्या काचवाल्याकडून ४ मिलिमीटर काचेचे दोन तुकडे, कडा घासून. माप बाहेरून घेतलं होतं. टाकीच्या दोन्ही बाजूंच्या काचा धरून १२ मिलिमीटर कमी करायचे, ते राहिले. घरी आणल्यावर आत बसेनात, म्हणून वरच्या काठावरच ठेवले, मागची बाजू जराशी उचलून. उतार पुढे. थेंब उताराने ओघळून पुढे पडतील असा हिशोब.

६ जानेवारी, सोमवार

पडले. पण पुढची कड टाकीच्या काठाच्या बाहेर आलेली, त्यामुळे थेंब पुढच्या काचेवरून बाहेर ओघळले आणि स्टँडच्या प्लायवुडमध्ये मुरले. एक कोपरा फुगला तो फुगलाच. सनमाइका आता तिथे वाजतो.

तेच तुकडे कापून घ्यायला नेले. हीटरच्या वायरीसाठी कोपरा कापताना एक तडकला, दुसराही एका कडेला उडाला. दोन्ही नवे. आधीचे ४२० पाण्यात. नवे लहान मापाचे २६० ला पडले, कारण कारागिराला माझी दया आली असावी.

११ जानेवारी, शनिवार

टाकीच्या आतल्या बाजूने, काठाच्या दीड सेंटिमीटर खाली, काचेचे छोटे ठोकळे चिकटवले. यासाठी तेच व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन. काचेला काच, इथे ते बरोबर. पाण्याची पातळी त्यासाठी चार बोटं उतरवली आणि दोन दिवस वाळू दिलं. मागचे ठोकळे पुढच्यांपेक्षा एक सेंटिमीटर उंच. पुढची कड टाकीच्या काचेपासून अर्धा सेंटिमीटर आत. मागे अडीच सेंटिमीटरची फट : नळ्या, वायर आणि हवेसाठी. तुम्ही दुसरं काही नाही वाचलंत तरी हा अर्धा सेंटिमीटर लक्षात ठेवा.

१३ जानेवारी, सोमवार

काचा बसल्या. खालून थेंब धरतात, पुढे सरकतात, टपटप पाण्यात. स्पंज फिल्टरचे उडणारे शिंतोडेही तिथेच अडतात.

रात्री दिवा नव्याने बांधला. नवी पट्टी ५५०. जोडांना डाग, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी) ६० रुपयांची, टोकांना न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ हात, २९० ची नळी. पट्टी ॲल्युमिनियमवर उघडीच, वर कव्हर नाही, टोकांना बुचं नाहीत. आत ओल गेली तर तिला बाहेर यायला वाट आहे. हूड लाकडी पट्ट्यांवर उचलून घेतल्याने चॅनल आता काचेपासून दहा सेंटिमीटर वर आहे.

पंखा उलटा केला. आता तो काचेच्या वरची हवा हूडच्या डाव्या बाजूने बाहेर काढतो. पाण्याला त्याचा वारा लागत नाही. १२ व्होल्टचा पंखा १८० रुपयांच्या ९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालवला, आवाज निम्मा झाला. दिव्याला टायमर ४५० चा, दुपारी दोन ते रात्री नऊ. पंख्याला टायमर नाही, तो चोवीस तास. खाऊन खाऊन दोन वॅट खातो, म्हणजे महिन्याला दीड युनिटही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पहाटे साडेपाच. खोली १४. हूडमध्ये १९ अंश, ६२ टक्के. चॅनलवरून बोट फिरवलं, कोरडं. आप्पांनाही फिरवायला लावलं. त्यांनी बोट बघितलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, “पण मासे उघडेच ना?”

१९ जानेवारी, रविवार

तडजोड झाली. गोधडीची तीन पदरी पट्टी करून टाकीच्या मागच्या आणि दोन्ही आखूड बाजूंना बाहेरून बांधली. वरचा भाग आणि मागची फट मोकळी. हीटरचा लाल दिवा पहिल्यापेक्षा स्पष्ट कमी वेळ लागतो, म्हणजे आप्पांचं म्हणणं निम्मं खरं होतं. पुढून टाकी टीव्हीसारखी दिसते, मागून गाठोड्यासारखी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून आल्यावर हिशोब केला. सगळं धरून ६,६७० रुपये. त्यातले २,३५० वायरमन आणि आरसीसीबीचे. पहिली पट्टी, पहिला ॲडाप्टर, चुकीच्या मापाच्या काचा आणि औषध मिळून १,४७० फुकट गेले. दोन मासे आणि स्टँडचा कोपरा यात धरलेले नाहीत. सिलिका जेलही नाही. ती बरणीत घालून आता मेथीदाण्यांच्या डब्याशेजारी आहे, तिथे निळीच्या निळी राहते.

काचेमुळे उजेड थोडा कमी पडतो, थेंबांमुळे तळाला लहरी दिसतात. दर रविवारी काच काढून पुसते, पंधरा दिवसांनी व्हिनेगर. पंखा काढून जुन्या टूथब्रशने धूळ झाडते. काम वाढलंच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सव्वीस दिवस, एकही एलईडी गेला नाही. पहाटेचा आकडा ५८ ते ६६ मध्ये. एप्रिलमध्ये खोली ३५ च्या पुढे गेली की दिव्याखालची काच काढून पंखा पुन्हा पाण्यावर वळवायचा विचार आहे. डिसेंबरात ज्याने मासे गारठले त्याचाच तेव्हा उपयोग. मात्र त्या दिवसांत दिव्याचं काय होतं, ते तेव्हा लिहीन.

पंख्याच्या घुरघुरीने झोप लागत नाही, ही आप्पांची तक्रार दोन आठवडे चालली. काल रात्री लाइट गेली. एअर पंप इन्व्हर्टरवर आहे, तो चालू राहिला. पंखा बंद पडला. साडेबाराला आप्पांची हाक आली, “अगं, उठ जरा. टाकी गप्प का झालीये बघ.”